तात्यांचा कागद

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येलासुद्धा मी लिंबू पोह्यांवरच पिळतो. सांगलीतल्या एका रिसर्च लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. आकडा का आला हे शोधण्यावरच माझं पोट चालतं... पण हा एक आकडा मला पुरून उरला.

आमचा अभ्यास सांधेदुखीवर होता. रक्तात आयएल-टेन नावाचं, सूज आवरणारं प्रथिन असतं, ते मोजायचं. प्लेटमधल्या छोट्या खाचांत डोळ्याला न दिसणारे मणी टाकायचे. ते प्रथिन पकडतात आणि मशीन त्यांचा उजेड मोजून आकडा देतं. एका खाचेत मात्र रक्त घालायचंच नाही, तिला ब्लँक म्हणतात. तिथे काही यायला नको.

नमुने मी आमच्याच गावातून आणले, शिराळ्याच्या अलीकडे. घरचा पोरगा म्हणून लोकांनी हात पुढे केले. माझे चुलते तात्या आर्मीतून रिटायर झालेले, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी विचारलं, "आमच्या युनिटात रगत घेतलं की कागद हातात मिळायचा. तुमच्यात देत्यात का?"

"देणार की, तात्या."

रिपोर्ट कुणालाच मिळणार नाही, असं संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर छापलं होतं. मला ते माहीत होतं. मी सरळ खोटं बोललो, कारण तात्यांनी हात दिला की आख्खी आळी देणार होती.

तात्यांचा आकडा सगळ्यांपेक्षा फार वर आला. आमच्या लॅबचे सर म्हणाले, "वगळ तो, ग्राफ बिघडतोय." मी वगळला. पुढे वर्षभर गावी गेलो की तात्या पारावरून विचारायचे, "कागद कवा रं?" मी म्हणायचो, येईल. नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात ते हार्ट अटॅकने गेले.

त्यानंतरच्या पहिल्याच प्लेटला ब्लँकमध्ये आकडा आला. तात्यांचा — दशांशासकट. स्वतःच्या हाताने खोडलेला, म्हणून पाठ होता. मी बफरचं द्रावण बदललं, पिपेटच्या टिप्स बदलल्या, खाच बदलली. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा भर दुपारी सरांना शेजारी बसवून प्लेट लावली. एकच रक्त दोनदा लावलं तरी आकडा थोडा हलतो, हा हललाच नाही. सर म्हणाले, "कंटॅमिनेशन," आणि चहाला गेले. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं.

मी तो आकडा कागदावर छापला, वर तात्यांचं नाव घातलं आणि रविवारी काकीकडे गेलो. तिने पदराला हात पुसून कागद घेतला.

"चांगलं हाय का वाईट?"

"काकी, एवढ्यावरनं तसं सांगता येत न्हाई."

तिने कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली. "मग त्यास्नी वरीसभर पारावर कशापायी बसवलंस रं?" ती रागावली नव्हती, नुसतं विचारत होती. तिने कागद घडी करून तात्यांच्या काळ्या ट्रंकेत ठेवला आणि मला चहा दिला. तो मी कसा प्यालो, माझं मला माहीत.

तेव्हापासून ब्लँक रिकामा येतो. का, ते मला आजही सांगता येत नाही. आमचा पेपर छापून आला, त्यात तात्या "एक नमुना वगळला" एवढेच आहेत. गावातल्या बाकीच्यांनाही मी कागद द्यायचा तोच शब्द दिला होता. प्लेट मशीनमध्ये गेली की मी आधी ब्लँक बघतो, आणि गावी हल्ली पाराच्या मागच्या वाटेने जातो.