तीन उभे टाके

रंगूनमास्तरांनी शिवलेला कपडा झिजून फाटायचा, पण उसवायचा नाही. शिवण संपली की आतल्या कोपऱ्यात ते हाताने तीन उभे टाके घालत. "मशीन दगा देते, भाऊ. हात नाही देत," म्हणायचे.

मूळचे आमच्या जानेफळचेच. तरुणपणी रंगूनला जाऊन साहेबांचे कोट शिवले. एका साहेबाने बाही आखूड झाली म्हणून कोट तोंडावर फेकला. मास्तरांनी तो उचलला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि पुढच्या बोटीने घर गाठलं. माझ्या किराणा दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडलं ते फक्त खादीसाठी. विलायती कापड दिसलं की गिऱ्हाइकावर खेकसत, "काऊन आनलं बे हे? ने वापस!" लग्नसराईत लोक मेहकरचा शिंपी गाठू लागले. हा गडी आपला पायाने मशीन आणि तोंडाने सभा चालवतोय! मी वैतागायचो, पण चहा दोघांचा सांगायचो.

गावातल्या चळवळीचे पुढारी देशमुख. माझं दुकान त्यांच्याच जागेत. झेंड्याचं कापड त्यांनी माझ्यासमोर मास्तरांच्या हातात दिलं. झेंडा सकाळी सरकारी शाळेवर चढला आणि दुपारी फौजदार आला.

त्याने चावडीत गाव जमवून झेंडा कोणी शिवला ते विचारलं. तेव्हा देशमुखांनीच झेंड्याचा कोपरा उलटून दाखवला. "हे टाके साऱ्या गावाले ठाऊक आहेत, साहेब. अन् कापड माझ्या घरून चोरलेलं आहे." अरे, जीभ कशी झडली नाही या माणसाची!

मास्तर म्हणाले, "शिवला म्या. खुशाल जेलात टाका. पन चोरी नाही केली. ह्या भाऊनं पाह्यलं, विचारा त्याले."

सगळे माझ्याकडे वळले. मला माझं दुकान दिसत होतं.

"मले काही ठाऊक नाही, साहेब," मी म्हणालो.

मास्तर चोर ठरून अकोल्याच्या तुरुंगात गेले. सुटून आले ते थेट ओट्यावर, मशीन उचलायला.

"मास्तर, दगा देशमुखानं देल्ला. माझ्यावर काऊन राग?"

"त्याच्यावर भरोसा होताच कुठी? तुमच्यावर होता."

मशीन मारुतीच्या देवळापाशी गेलं. मला चैन पडेना. दिवाळीला खादी घेऊन गेलो. नाही म्हणाले नाहीत, मापही नेहमीसारखंच घेतलं. सदरा अंगात अगदी मापात बसला. घरी येऊन मी तो उलटा केला, सगळे कोपरे चाचपले.

एकाही कोपऱ्यात ते तीन टाके नव्हते.