गूळ आणि बूट

वाण्याच्या दुकानात गुळाची ढेप फोडली, की त्या वासासरशी माझ्या जिभेवर शिशाची चव येते. विंचूरकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचो. धूर डोळ्यांना झोंबायचा, करडी भुकटी भुवयांवर बसायची, आणि सुट्टी झाली की शेठ स्वतः परात घेऊन दारात उभा राहायचा. "गूळ खा रे, घशातला धूर खाली जातो," म्हणायचा आणि आमच्यादेखत एक खडा तोंडात टाकायचा. मला तो गूळ कधी गोड लागला नाही. शेठ माणूस उगाच एवढा जीव लावतो होय? एकदा सायकल काढायला शेडच्या मागं गेलो, तर शेठ गाडीच्या आडोशाला कपडे बदलत होता. उतरवलेला शर्ट, पॅंट आणि बूट त्यानं पोत्यात कोंबून शेडमध्येच ठेवले आणि पायात स्वच्छ चपला चढवल्या. "लग्नाला निघालात का शेठ?" मी विचारलं. "नाय रे, घरात बाळ रांगतंय, ही भुकटी लय वाईट," तो बोलून गेला आणि मग माझ्याकडे बघतच राहिला. मी तसाच भट्टीच्या कपड्यांत घरी निघालो. वळणावर रोजच्यासारखी माझी धाकटी लेक हात पसरून धावत आली आणि मी ओरडलो, "लांब हो!" ती बिचारी रडत घरापर्यंत माझ्या मागून चालत आली. आजही कुणी प्रेमानं गूळ पुढं केला, तर मी आधी त्याच्या पायांकडे बघतो.