पुठ्ठ्याचं विमान, पहिलं बक्षीस

हवाई दलात अधिकारी व्हायचं माझ्या मुलीचं स्वप्न मी एकट्यानं, घरबसल्या, पुठ्ठा आणि दोन बल्ब वापरून संपवलं. त्याबद्दल सोसायटीनं मला कपही दिला.

आम्ही येरवड्यात राहतो. (पुढचा विनोद करू नका. तुरुंग आमच्यापासून लांब आहे आणि तो विनोद मी तीस वर्षं ऐकतोय.) डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. आवाज आला की बोलणारा वाक्य अर्धवट सोडून थांबतो आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करतो. आमची नवरा-बायकोची भांडणं त्यामुळे हप्त्याहप्त्यानं होतात. बाकीचे वैतागून खिडक्या लावायचे, पण आमची केतकी लहानपणापासून जेवण टाकून गच्चीत पळायची. हवाई दलाच्या लेखी परीक्षेत ती दोनदा थोडक्यात हुकली होती. ही तिसरी वेळ, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची. परीक्षा गणपतीनंतर दोन आठवड्यांनी होती.

गणित, इंग्रजी तिचं चोख. अडायचं ते विमानाच्या भाषेपाशी. सदाशिव पेठेतल्या क्लासनं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. पंखाच्या मागच्या कडेला हलतं ते एलेरॉन, शेपटीला उभं ते रडर, आडवं ते एलिव्हेटर. नाक वर-खाली झालं की पिच, कुशीवर कललं की रोल. ती खोलीत येरझाऱ्या घालत घोकायची. तिला तसंच घोकू दिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी पडलो निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि घरात रिकाम्या शिक्षकाएवढा धोकादायक प्राणी दुसरा नसतो.

"घोकून डोक्यात राहत नाही," मी म्हणालो. "डोळ्यांनी बघावं लागतं. यंदा गणपतीला विमानाचाच देखावा करू."

"बाबा, पुस्तकात आकृत्या आहेत की."

"त्यांना आकृत्या म्हणतात होय?"

"अहो, तिला अभ्यास करू द्या ना," बायको म्हणाली.

"हा अभ्यासच आहे," मी म्हणालो, आणि शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचा खोका मागून आणला.

विमान फर्मास झालं. (हे मी म्हणत नाही, कपावर कोरलंय.) नाक पाहुण्यांकडे, दोन्ही पंख भिंतभर पसरलेले, मध्ये बाप्पा, शेपटीवर उंदीर. प्रत्येक भागावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. राहिले पंखांच्या टोकांचे दिवे. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा. मी विमानासमोर उभा राहिलो, डावीकडे लाल बल्ब लावला, उजवीकडे हिरवा. केतकीनं घाईघाईत पुस्तकाशी ताडून पाहिलं.

"लाल डावा, हिरवा उजवा. बरोबर."

बापानं केलं, लेकीनं तपासलं. आणखी काय पाहिजे?

मग दहा दिवस मी त्या पोरीचा पिच्छा पुरवला. आरती झाली की पाहुण्यांना प्रसादाआधी विमान. मी फूटपट्टी घेऊन उभा, आणि केतकी वाटली डाळ वाढायची सोडून एलेरॉन सांगतेय. तिच्या मावशीनं विचारलं, "हे लाल-हिरवं काय गं, विमानालाही सिग्नल लागतो?" केतकीनं तेही समजावलं. शेवटी शेवटी लोक आरती संपायच्या आत निघायला लागले.

तळमजल्यावरचे तळेकर काकाही आले. ते हवाई दलात विमानांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले आणि यंदा सोसायटीच्या सजावट स्पर्धेचे परीक्षक. ते विमानासमोर बराच वेळ उभे राहिले. एका पंखाकडे बघितलं, मग दुसऱ्या पंखाकडे, मग माझ्याकडे. दोन मोदक घेतले.

"छान आहे," म्हणाले. "कष्ट दिसतात."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी निकाल लागला. पहिलं बक्षीस, 'फर्मास व माहितीपूर्ण देखावा'.

परीक्षा देऊन केतकी घरी आली तेव्हा खुशीत होती. चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, आपल्या विमानावर प्रश्न होता. विमान समोरून तुमच्याकडे येतंय, तर तुमच्या डावीकडे कोणता दिवा दिसेल?"

"लाल," मी कप खाली न ठेवता सांगितलं.

"मीपण लालच केलं. आधी जरा अडखळले, पण मग डोळ्यांसमोर आपला गणपतीच आला."

"बघ. डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही," असं म्हणून मी हे सांगायला थेट तळेकरांकडे गेलो. न जाऊन कसं चालेल? परीक्षक ना ते.

"हिरवा," तळेकर म्हणाले.

"काय हिरवा?"

"विमान तुमच्याकडे तोंड करून आहे. त्याचा डावा पंख तुमच्या उजवीकडे येणार. तुमचे दोन्ही दिवे उलटे होते."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"बाप्पासमोर सजावटीत खोट काढतात का कुणी?"

"आणि नंतर?"

"नंतर बक्षीस दिलं होतं. बक्षीस दिल्यावर कसं सांगणार?"

  घरी मी दिव्यांचं कुणाला कळू दिलं नाही. महिनाभर एलेरॉनसारखा वर-खाली होत राहिलो, जेवण जाईना.

केतकी दोन गुणांनी हुकली. त्या प्रश्नाला बरोबर उत्तराचे तीन गुण होते आणि चुकल्याबद्दल एक वजा. बायकोला दिव्यांचं सांगावंच लागलं. ही वजाबाकी तिलाही जमली.

"तीस वर्षं पोरांना काय शिकवलंत?" ती म्हणाली. "समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे काढायचा. त्यासाठी पोरांच्या वह्यांवर फुल्या मारल्यात ना? आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी..." तेवढ्यात विमान आलं. ती थांबली. विमान गेलं, पण या वेळी तिनं वाक्य पुढे सुरू केलं नाही.

"आई, राहू दे," केतकी म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. चहा झाल्यावर पुस्तक उघडून बघितलं. आणि तपासलं मीच होतं ना."

तिनं आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तर मी आनंदानं ऐकून घेतले असते. तिनं कपबशा विसळल्या. मला फार लाज वाटली.

आता ती खराडीला एका कंपनीत जाते. पगार चांगला आहे. कप शोकेसमध्ये आहे. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि बायको पुसताना न चुकता सरळ करते. संध्याकाळी केतकी कधी कधी गच्चीवर येते. उतरायला आलेलं विमान दिवे लावून समोरून येतं. डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल. ती नुसती वर बघत राहते. मी आपला खाली बघतो आणि चपला ज्या त्या पायात आहेत ना, ते तपासतो.

परवा नव्हत्या.