मासे पुरे, दुसरी डिस्क लावा

“मॅडम, ताईंचे सगळे डबे खाली काढून ठेवा,” शेठजींनी गल्ल्यावरूनच ऑर्डर सोडली.

मी जागची हलले नाही. थोड्याच वेळापूर्वी नागपूरहून एरिया मॅनेजरचा फोन आला होता आणि तो मीच घेतला होता. ज्या डब्यांबद्दल, म्हणजे डिस्क प्लेअरबद्दल, हे चाललं होतं, ते बनवणं कंपनी बंद करणार होती. मी लगेच शेठजींच्या कानावर घातलं. त्यावर ते काय म्हणाले, तर “मंग आजच विकून टाका.”

इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं. तरी आधी डब्याची भानगड सांगते.

मी तेव्हा अमरावतीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये काउंटरला होते. डिप्लोमा केलेली, वलगावहून रोज बसने येणारी. त्या सुमारास साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दाखवणारी नवी डिस्क बाजारात आली. एक आली असती तर प्रश्न नव्हता, पण दोन आल्या. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. दिसायला दोघी सारख्याच, पण एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी चालायची नाही. धंद्यात याला फॉरमॅट म्हणतात. साधी गोष्ट आहे, एका कुलपाची चावी दुसऱ्याला लागत नाही. सिनेमावाल्या कंपन्याही दोन्हीकडे वाटल्या गेल्या होत्या. ज्या डिस्कवर जास्त सिनेमे येतील ती जगणार आणि दुसरीचा प्लेअर घेणारा कपाळाला हात लावून बसणार. एकीच्या खोक्याचा रंग लाल, दुसरीचा निळा, म्हणून आम्ही दुकानात ‘लाल’ आणि ‘निळी’ म्हणायचो. शेठजींनी लाल भरून ठेवली होती, कारण तिच्यावर स्कीम बरी होती. आणि आता लाल हरली होती.

काउंटरसमोर उभ्या होत्या त्या सिंधूताई, अचलपूरच्या. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर, आणि घराच्या पुढच्या खोलीत ताईंची डिस्क लायब्ररी. सिनेमे भाड्याने द्यायच्या, ज्याच्याकडे प्लेअर नाही त्याला तोही द्यायच्या. परतवाड्याच्या लाकूड व्यापाऱ्यांकडे भिंतीवरचे मोठे टीव्ही आले होते आणि ते नवीन डिस्क मागत होते. म्हणून ताईंनी ठरवलं, लायब्ररीच नवी करायची. लाल फॉरमॅटचे प्लेअर घ्यायचे, आणि जागा करायला जुन्या सगळ्या डीव्हीडी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होता. म्हणजे एका रात्रीत त्यांचं दुकान रिकामं, आणि भरायला बाजारात डिस्कच नाही.

मी त्यांना बाजूला घेतलं. “ताई, हे घेऊ नका. हे बनवणं कंपनी बंद करून राहिली.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “काहून जी? तुमीच विकता, अन् तुमीच नको म्हनता? महाग वाला माह्या गळ्यात घालाचा हाये का?”

“महागाचा प्रश्न नाही, ताई. याच्या डिस्कच मिळणार नाहीत.”

“वकीलसायबानं वर्षापासून ठेवला हाये. ते म्हनतात फस्क्लास. मी काल सोता त्यायच्या घरी पाहून आली. ते खोटं बोलतीन काय?”

आता हे वकीलसाहेब. आमच्या शोरूमच्या मागच्या कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही त्यांचा, पहिला इन्व्हर्टर त्यांचा. त्यांनी घेतलं की कॉलनी घ्यायची, आणि कॉलनीचे पाहुणे अचलपुरापर्यंत बातमी न्यायचे. शेठजी अशा माणसाला ‘रेफरन्स’ म्हणायचे आणि त्याला माल जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायचे. दहा जाहिरातींचं काम एक वकील करतो, हे त्यांचं गणित. ते गणित बरोबर होतं, म्हणून तर चीड येते. दुकानातला माणूस खरं बोलला तरी लोकांना त्यात काळंबेरं दिसतं, आणि ज्याने आधी घेतलं त्याचा शब्द मात्र पक्का.

मी विचारलं, “काल वकीलसाहेबांकडे काय पाहिलं?”

“मासे,” ताईंचा चेहरा खुलला. “बाप्पा, काय मासे होते! एकेक खवला मोजून घ्या.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते मासे मला पाठ होते. प्लेअरसोबत कंपनी एक फुकटची डेमो डिस्क द्यायची, तिच्यातले मासे. वकीलसाहेबांच्या खोक्यात ती मीच घातली होती.

“मासे झाले. अजून काय पाहिलं?”

“अजून काय पाहाचं?”

“चला,” मी म्हटलं. “परत पाहून येऊ.”

शेठजी गल्ल्यावरून ओरडले, “मॅडम, गिऱ्हाईक घेऊन कुठं चालल्या?”

“पक्कं करून आणते,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

वकीलसाहेबांनी आमचं मनापासून स्वागत केलं. माणूस तसा अगत्याचा. वहिनींना चहा टाकायला सांगितला, प्लेअरवरचं भरतकामाचं कापड अलगद काढलं, आणि लावले मासे. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. ताई पुन्हा हरखल्या. साहेब हात पसरून म्हणाले, “बोला, आहे का असं चित्र अख्ख्या अमरावतीत?”

“नाही,” मी म्हटलं. “पण साहेब, मासे पुरे. आता दुसरी डिस्क लावा.”

साहेब उठून कपाटातून एक सिनेमा काढू लागले. मी हात पुढे करून खोका पाहिला. “ही तर साधी डीव्हीडी आहे. ही माझ्या घरच्या जुन्या मशीनवरही चालते. या फॉरमॅटची दुसरी लावा.”

“आहेत ना. शोधाव्या लागतील.”

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “दुसरी हाये कुठं? वर्ष झालं, मासेच पाहून राहिलो आमी. ज्याले त्याले मासे. पाहुना आला की मासे, नाई तं ते कापडाखाली झाकलेलंच.”

“तू गप बस,” वकीलसाहेब म्हणाले.

ताईंचा कप हातातच राहिला. “साहेब, एकबी सिनेमा नाई?”

“पुण्याहून मागवला होता,” ते पुटपुटले. “फक्त निळ्या डिस्कवरच मिळतो म्हणाले.”

मग माझा तोल गेला. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं! साहेब, या बाई उद्या सगळी लायब्ररी अकोल्याला देणार आहेत. तुमच्या एका शब्दावर. काल यांना का नाही सांगितलं?”

त्यांचा आवाज चढला. “मी घेतलेल्या वस्तूला मीच नावं ठेवू? वकील फसला म्हणून कॉलनी हसेल! तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?”

हे ऐकून मला जो संताप आला तो मी विसरलेले नाही. शेठजींना निदान माल खपवायचा होता. या माणसाला काही म्हणता काही मिळत नव्हतं. झाकली मूठ झाकलेली राहावी एवढ्यासाठी तो दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला तयार होता, आणि वर चहा पाजत होता.

ताईंनी न प्यालेला कप ट्रेमध्ये ठेवला. वहिनींना म्हणाल्या, “तुमी बोलल्या म्हनून वाचली जी मी.” साहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी अकोल्याला फोन लावला आणि गाडी आणू नका म्हणून सांगितलं.

मी शोरूमला पोचेपर्यंत वकीलसाहेबांचा फोन येऊन गेला होता. “तुमी पगार कोनाचा खाता?” शेठजींनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, “आजपर्यंत तुमचा.” आणि पर्स घेऊन निघाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात शेठजींनी उरलेले डबे कॉलनीतच विकले. चार घरांनी घेतले. वकीलसाहेबांनी चारही घरांना बोलावून मासे दाखवले. पुढे ती माणसं डिस्कसाठी वणवण फिरली, पण त्यातल्या एकानेही आपण फसलो असं कुणाला सांगितलं नाही. पाहुणा आला की आपापले मासे लावायचे.

निळी जिंकली, आणि थोड्या वर्षांत मोबाइलने तिलाही घरी बसवलं. सिंधूताईंची लायब्ररीही बंद झाली. पण ती त्यांनी स्वतः, डीव्हीडी एकेक करून विकून, आपल्या हाताने बंद केली.

माझं आता अमरावतीतच टीव्हीचं छोटं दुकान आहे. परवा भातकुलीचे एक गुरुजी आले. मोठा, महागडा टीव्ही हवा होता. “आमच्या हेडमास्तरांनी घेतला. त्यांच्या घरी पाह्यला, मॅडम. काय चित्र हाये!”

“काय लावलं होतं त्यांनी?”

“मासे,” गुरुजी म्हणाले.

मी बिलबुक मिटलं. “परत जा,” म्हटलं, “आणि त्यांना रोजच्या बातम्या लावायला सांगा.”