विळ्याच्या मुठीवरचे दात

घर आवरताना जुना विळा सापडला. त्याच्या लाकडी मुठीवर आमच्या कुत्र्याच्या दातांचे वण अजून आहेत. ऐंशीच्या आसपास केळझरजवळ आमचं टिनाचं घर होतं. एका उन्हाळ्यात असं वादळ आलं की टिना खिळ्यांसकट उचकटू लागल्या. वादळ शमावं म्हणून आमच्याकडे अंगणात लोखंड फेकतात, तसा मायनं विळा फेकला. कुत्र्याला तो खेळ वाटला. मूठ तोंडात धरून त्यानं विळा घरात आणला. मायनं पुन्हा फेकला, त्यानं पुन्हा आणला. “काऊन रे मेल्या, वादळ घरात आणून राह्यला का?” म्हणत माय हसत सुटली आणि आमची भीतीच गेली. वारा पडला तेव्हा विळा घरातच होता, छप्परही जागेवर होतं. परवा वारा सुटला तसा मी तो विळा अंगणात फेकला आणि दाराकडे बघत बसलो.