चिंचतळ्याचे सात विश्वस्त

पाणी चाखून बघायची खोड विश्राममामांना कधी लागली, ते सुलूमामीलाही सांगता येत नाही. सकाळी उठलं की चहाच्या आधी विहिरीवर जायचं, बादलीभर पाणी शेंदायचं, ओंजळीतून जिभेला लावायचं आणि घरात येऊन कॅलेंडरवरच्या तारखेच्या चौकोनात एक शब्द लिहायचा. गोड. मचूळ. खारट. मामी त्याच चौकोनात दूधवाल्याचे खाडे लिहिते. त्यामुळे आमच्या घरच्या कॅलेंडरवर 'खाडा मचूळ' असले काहीतरी शब्द वाचायला मिळतात.

मामा चौतीस वर्षं तारापूरला, अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत पाण्याचे पंप चालवायचे. दुसऱ्यांच्या नळांना पाणी सोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्त होऊन घरी आले तर स्वतःची विहीर मचूळ झालेली. आमचं गाव शिरगावच्या अलीकडे. आजोबांपासून पानवेलींची वाडी, जोडीला केळी, थोडे चिकू. पानवेल मोठी नाजूक. पाणी बिघडलं की ती आधी पान लहान करते, मग कडेने करपवते. मामा करपलेली पानं शर्टाच्या खिशात घालून गावभर फिरायचे आणि भेटेल त्याला दाखवायचे. लोक त्यांना चुकवायला लागले होते. मीसुद्धा एकदोनदा चुकवलं.

मामांचं म्हणणं असं की या सगळ्याचं मूळ चिंचतळं. आमची आळी आणि वरच्या अंगाचा वारल्यांचा पाडा यांच्या मधोमध ते तळं आहे. पूर्वी त्यात पावसाचं गोडं पाणी वर्षभर राहायचं आणि त्याच्या दाबाने समुद्राचं खारं पाणी लांब राहायचं. तीस वर्षांत तळं गाळाने भरलं. चैत्रात त्यात शेळ्या चरायच्या. पाड्याच्या बाजूला काठाशी एक झिरा होता, म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्यात पाझरून पाणी जमतं. पाड्यातल्या बाया वाटीवाटीने उपसून हंडे भरायच्या. तळं उपसलं तर पाडाही वाचेल आणि वाड्याही, हे मामांनी मनाशी पक्कं धरलं. गाव करी ते राव न करी, असं ते उठताबसता म्हणायचे. गाव मात्र काही करत नव्हतं.

मग बोईसरच्या एका कारखान्यातले साहेब म्हणाले, आम्ही मदत करू, पण नोंदणी झालेल्या संस्थेलाच, आणि गावाने श्रमदान करायला हवं. झालं, मामा माझ्या दुकानात. पालघरला कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी त्यांची भाची स्नेहल, माझ्या जिभेला हाड नाही ही मामीची कायमची तक्रार. पण ग्रामविकास ट्रस्टचे कागद मी दहावीस तरी केलेत, त्यामुळे मामांना दुसरीकडे जायची गरज नव्हती.

"तळं उपसणे, एवढंच लिही," मामा म्हणाले.

"एवढ्याने भागत नाही. वृक्षलागवड घालू, महिला सक्षमीकरण घालू."

"महिला सक्षमीकरण कशाला?"

"घालावं लागतं, मामा. भाजीत मीठ घालतात तसं."

विश्वस्त सात हवे होते. मामांनी स्वतःच्या खालोखाल दुसरं नाव सांगितलं ते बुधाचं. बुधा पाड्यातला, मामांच्याच वयाचा. दोघं त्या तळ्यात एकाच वाळक्या भोपळ्याला धरून पोहायला शिकले. बुधा पुढे मामांच्या वाडीत कामाला लागला. मामा त्याला 'अरे बुधा' म्हणायचे आणि तो मामांना 'शेट'. मामांना यात कधी काही खटकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

पण पौष चालू होता. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं बंद होतात. बुधा आणि त्याची बायको भागी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले होते, ते होळीला परतणार. मला तर सगळ्यांचे फोटो, आधार, पॅन आणि सह्या लगेच हव्या होत्या, कारण साहेबांना मार्चच्या आत नोंदणी हवी होती.

"बुधाचं नाव नंतर घालता येईल ना?" मामांनी विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

येतं, खोटं नाही. पण त्याला जागा रिकामी व्हावी लागते, ठराव लागतो, बदल अर्ज लागतो, आणि मुळात बाकीच्यांच्या मनात असावं लागतं. हे मला माहीत होतं. दुकानात रांग होती, म्हणून मी एका शब्दात काम उरकलं. बुधाच्या जागी मेहुलचं नाव आलं. मेहुल बोईसरला खोदाईची मशिनं भाड्याने देतो. बाकीचे पाच आमच्याच आळीतले. शेवटच्या पानावर मी एक ओळ घातली, 'पाड्यातील ग्रामस्थ श्रमदान करतील.' मामांनी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि खूश झाले. पाड्यातल्या एकाही माणसाला आपण विचारलेलं नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

होळी झाली, पाडा भरला. तळ्याकाठी सात नावांची पाटी लागली. मी मोठ्या अक्षरात सूचना छापून दिली आणि मामांनी ती पाड्यातल्या अंगणवाडीच्या भिंतीला चिकटवली. रविवारी सकाळी सात वाजता सर्वांनी कुदळ-फावडे घेऊन उपस्थित राहावे.

रविवारी साठ नवी घमेली ओळीने मांडली होती. मामीने टोपभर पोहे केले होते. आळीतले अकराजण आले, त्यांनी घमेलं हातात घेऊन फोटो काढले आणि ऊन चढल्यावर घरी गेले. पाड्यातून कोणीही आलं नाही. मामा एकटेच अकरापर्यंत खणत होते. मेहुल गाडीला टेकून म्हणाला, "ते नाय येणार, मामा. माझं मशीन घाला, आठ दिवसांत तळं करून देतो." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. मामीने उरलेले पोहे बरोबर दिले होते, टाकायचे कशाला म्हणून. तो टोप माझ्या हातात होता आणि अर्ध्या वाटेत मला त्याची लाज वाटायला लागली. बुधा अंगणात बांबू तासत होता. भागीने टोपाकडे बघितलं, पण घेतला नाही.

"का रे बुधा, आला नाहीस?" मामांनी विचारलं.

"कशाला यायचा, शेट? पाटीवर नावा तुमची. माती उचलाया आमी."

"पाणी तुमचंच आहे ना?"

उत्तर भागीने दिलं. आवाज चढवला नाही तिने. "माजी सासू सांगायची. आदी मालकाची वाडी, मंग आपला शेत. तिला वेठ बोलायचे. आता तुमी श्रमदान बोलतात."

मामांचा चेहरा उतरला. "भागी, मी कधी कुणाला वेठीला धरलं का?"

"तुमी नाय धरला. पन भिताडावर कागद लावून बोलावला. आमच्यात काम असला तं घरोघर जाया लागतं. वट्यावर बसायचा, पानी मांगून प्यायचा, मंग बोलायचा, उद्या ये. कागद बगून कोन येतो?"

"चुकलं माझं," मामा म्हणाले. चौतीस वर्षं वसाहतीत रोज सूचना फळ्यावर लावून कामं करवून घेतलेला माणूस तो. याहून वेगळी रीत असेल, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

निघताना बुधाने हाक मारली. "शेट, एक सांगतो. मशीन घालू नका. छातीभर खाली निळी चिकनमाती हाय. तिच्याखाली खारा पानी. माज्या बापानी गाळ काढला तवा चिकन दिसली का थांबलं सगळं. ती फुटली का तळा गेला."

वाटेत मामा माझ्यावर नाही, स्वतःवर चिडले होते. "माझं नाव काढ," म्हणाले. "मी राजीनामा देतो. माझ्या जागी बुधाचं घाल."

"जागा रिकामी झाली की कुणाला घ्यायचं ते बाकीचे सहा ठरवतात, मामा."

"मी सांगितल्यावर घेतील की. गावातलीच माणसं आहेत."

मी या वेळी सगळं नीट समजावून सांगितलं, पण ते वरातीमागून घोडं होतं. मामांनी राजीनामा दिला. सोबत चिकणमातीबद्दल पत्र दिलं, तेही मीच टाइप केलं. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मामांना बाहेर पायरीवर बसवलं. आत कोणीतरी विचारलं, पाड्यातल्या माणसाला सही तरी येते का. बुधा चौथीपर्यंत शिकलाय, सही झकास करतो. पण हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो पायरीवर बसला होता. रिकाम्या जागेवर मेहुलचा मेहुणा रूपेश आला. तो सरावलीला राहतो, कामगारांना खोल्या भाड्याने देतो. आमच्या तळ्यात त्याने पाय तरी बुडवला असेल का, मला शंका आहे. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. मामांचं पत्र कोणी वाचलं नाही.

चैत्र संपायच्या आत मशीन उतरलं. तिसऱ्या दिवशी मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. चालक उत्तरेकडचा, भला माणूस. त्याने मशीन बंद केलं, मामांना सावलीत बसवून स्वतःच्या थर्मासातला चहा दिला आणि म्हणाला, "चाचा, मुझे जितना बोला है उतना खोदता हूँ." चहा संपला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. सहाव्या दिवशी मामांचा फोन आला. "स्नेहल, निळी वर आली," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. मी गिऱ्हाइकाचे पैसे परत करायचे विसरले, तो ओरडला तरी मला ऐकू आलं नाही.

पाऊस यायला अजून महिना होता आणि तळं खालूनच भरायला लागलं. लोकांना आनंदाचं भरतं आलं. चमत्कार म्हणाले. वैशाखात जलपूजन ठरलं, मंडप आला, तळ्याला जाळीचं कुंपण आणि कुलपाचं फाटक आलं. संस्थापक म्हणून मामांना मानाने बोलावलं. मी सांगितलं, जाऊ नका. मामी म्हणाली, जाऊ नका. पण पाणी बघितल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता तो.

साहेबांनी नारळ वाहिला आणि पहिली ओंजळ मामांना घ्यायला सांगितली. मेहुलने त्यांच्या तोंडाशी माइक धरला. दोनशे माणसं मोबाइल वर करून बघत होती. 'गोड आहे' एवढे दोन शब्द म्हणाले असते, तर शाल, श्रीफळ आणि वर जेवण होतं. मामांनी पाणी जिभेला लावलं, रोज लावतात तसंच.

"खारट," ते म्हणाले.

मेहुलने माइक काढून घेतला. "मामांना थट्टेची फार सवय," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा काठावरून बाजूला झाले. कुंपणाच्या पलीकडे पाड्यातल्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यात भागी होती. त्यांचा झिरा दोन दिवसांपूर्वीच खारा झाला होता. आता त्या पाण्याला रेल्वेच्या बाजूला, पाऊण तास चालत जातात. हे मी केलं, असं मला तेव्हा स्वच्छ वाटलं आणि अजून वाटतं. मशीन मेहुलचं होतं, पण 'येईल' हा शब्द माझा होता.

त्यानंतर मामा विहिरीवर जायचे बंद झाले. कॅलेंडरवर मामीचे खाडे तेवढे उरले. पानवेली पिवळ्या पडत होत्या आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून पडवीत बसायचे. मामी एरवी त्यांना दिवसभर टोमणे मारते, ती अगदी गप्प झाली. त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

दोन आठवड्यांनी, रविवारी, मी तिथेच होते. सकाळी बुधा आला. पाड्यातलं माणूस आमच्याकडे मागच्या अंगणात उभं राहून बोलतं. बुधा पुढून आला आणि ओट्यावर बसला. मामा उठून उभे राहिले.

"पानी द्या," बुधा म्हणाला.

मामी विकतच्या जारकडे वळली. बुधाने मान हलवली. "हिरीचा द्या."

मामीने तांब्या भरला. देताना तिला वर बघवत नव्हतं. बुधाने ते मचूळ पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"पाड्याच्या वर, सागाच्या बुडाशी ओल दिसते. पानी लागल का नाय, सांगता नाय यायचा. उद्या झिरा खनायचा हाय. घरोघर सांगत चाललो. शेट, उद्या या."

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"उजाडला का. कुदळ आना." बुधा उठला आणि अंगण उतरता उतरता मागे वळून म्हणाला, "पोहे नका आनू."