टोणग्याच्या वाट्याचं दूध

आमच्या घरात मांस कधी शिजलं नाही, आणि या गोष्टीचा आम्हाला माज होता. केजला आमचं किराणा दुकान, दुकानामागे घर, घरामागे गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. दुकानात अंडंसुद्धा ठेवायचं नाही. शेजारच्या गल्लीतून रश्शाचा वास आला की आई खिडकी लावून घ्यायची आणि त्याच हाताने आम्हाला सायीचं दही वाढायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. दुकानाच्या माळ्यावर पिवळ्या, गुलाबी कागदांचे गठ्ठे असायचे. वर कोंबडीचं चित्र, त्याखाली ठळक मथळा: 'कोंबडीलाही आई असते.' मजकूर आप्पा स्वतः लिहायचे, छापून घ्यायचे आणि आसपासच्या गावांच्या बाजारात पिशवी खांद्याला लावून जायचे. मी सोबत असायचे. कागद वाटण्याचे त्यांचे नियम होते. माणसाच्या हातात द्यायचा, सामानावर ठेवायचा नाही. देताना डोळ्यांत बघायचं. आणि जिथे लोक जमतात तिथेच वाटायचा, एकट्यादुकट्याला गाठून लाजवायचं नाही.

मी दहावीत होते तेव्हा आम्ही तेलगावच्या बाजारात गेलो होतो. तिथे आप्पांनी एका जनावरांच्या व्यापाऱ्याच्या हातात कागद दिला. हा माणूस आमच्या ओळखीचा होता, वर्षादोन वर्षांनी घरी यायचा. त्याने कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला,

"आप्पा, लिवलंय लई चांगलं. पण मागल्या साली तुमच्या दारातून मी टोणगा नेलता. त्याचं काय झालं, ते कावून न्हाई लिवलं यात?"

"तो तू कामाला नेलतास," आप्पा म्हणाले.

"कामाला? टॅक्टरच्या जमान्यात टोणगा कोण जुपतंय, आप्पा? तुमाला खरंच ठावं न्हाई, का इचारायचं न्हाई?"

आजूबाजूचे चारदोन लोक हसले. एक जण म्हणाला, "आप्पाला कागद द्या बे कुणीतरी!" आप्पांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढे निघाले.

हा टोणगा नेण्याचा प्रकार काय ते सांगते, कारण त्याशिवाय आमचं घर कळणार नाही. आमच्यात जनावर विकत नाहीत. विकणं पाप. म्हशीला वगार झाली तर ती ठेवायची, उद्याची म्हैस म्हणून तिचे लाड करायचे. टोणगा झाला तर तो काही महिन्यांनी 'द्यायचा'. व्यापारी यायचा, दारात एक नारळ ठेवायचा, आई टोणग्याच्या कपाळाला कुंकू लावायची आणि दावं त्याच्या हातात द्यायची. पैसा घ्यायचा नाही. नारळ फोडून खोबरं वाटायचं. म्हणजे विक्री झाली नाही, दान झालं, आणि दान दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे विचारणं असभ्य. मी त्या खोबऱ्याचे तुकडे लहानपणापासून खाल्ले होते. साखर लावून.

तेलगावहून आल्यावर मी दूध सोडलं. दही, तूप, चहा, सगळं. घरात आधी हसले, मग रागावले, मग मला कसली बाधा झाली का ते बघितलं. शाकाहारी माणसाने दूध सोडणं म्हणजे काय, हे कुणाला समजेना. "आपुन तर खातच न्हाई गं काही," आई म्हणायची. हेच तर आमचं दुखणं. आपण काहीच करत नाही, असं आम्हाला मनापासून वाटायचं. जो वर्षातून दोनदा, सणाला, मटण खातो त्याच्या हातात आम्ही कागद द्यायचो, आणि दिवसातून चार वेळा दूध पिऊन वर त्यालाच दया शिकवायचो.

पाहुण्यांकडे गेलं की खरी परीक्षा. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. मी कोरा चहा मागायचे. "दूध संपलं न्हाई आमचं, एवढी गरिबी न्हाई आली," असं एक आत्या म्हणाली आणि तिने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. हाडं ठिसूळ होतील, केस गळतील, लग्न जमणार नाही, असं ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं.

मी डॉक्टर नाही. मला एवढं ठाऊक आहे की मी जे खाते ते या मातीतलंच आहे. बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, कारळाची चटणी, जवसाची चटणी, तिळाचा कूट. पुरणपोळीबरोबर तुपाऐवजी गुळवणी. बी ट्वेल्व्हची गोळी घेते आणि ती लपवत नाही. शेंगदाण्याचं दही लावायला मी शिकले, आणि पहिल्या तीन वेळा ते इतकं वाईट झालं की म्हशीनेही तोंड फिरवलं. चौथ्या वेळेला आईने चाखलं. "खाऊ वाटंल असं हाय," एवढं म्हणून तिने वाटी खाली ठेवली. आप्पांना साखरेचा त्रास, पित्ताचा त्रास. दिवसाला सहा कप गोड चहा. मला हाडांची काळजी सांगणाऱ्यांनी त्या सहा कपांबद्दल त्यांना कधी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, मी अकरावीत असताना, थंडीच्या सुरुवातीला म्हैस व्याली. सकाळी गोठ्यात गेले तर ओला, काळा, लटपटत्या पायांचा टोणगा उभा होता. आईने शेपूट उचलून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी कळलं, याचे दिवस मोजलेले आहेत, आणि मोजणारे आम्ही आहोत.

गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन चिकाला येऊ लागल्या. आईने टोणग्याला कासेपाशी नेलं, त्याने चार घोट ओढले, पान्हा सुटला, तशी तिने त्याला ओढून खुंट्याला बांधलं आणि पातेलं धरलं. चार सड. वगारीला एक सड सोडायचा, ही आमची रीत. टोणग्याला नुसतं तोंड लावू द्यायचं.

"आई, त्याला सोड."

"पेला की तो."

"चार घोट. वगार असती तर एक सड ठेवला असतास."

"वगार वेगळी, माय. ती उद्या दूध देणार हाय. ह्येचं काय लोणचं घालायचं?"

"दूध त्याच्यासाठी आलंय. आपल्यासाठी न्हाई आलं."

आई हसली, पण हात थांबला नाही. "तुझ्या बापानं कागद वाटून वाटून तुझं डोकं फिरिवलं. सरक तिकडं."

मी सरकले नाही. खुंट्याचं दावं सोडलं. टोणगा धडपडत आला आणि आईच्या हाताला ढुशी देऊन सडाला लागला. पातेलं कलंडलं, चीक शेणात गेला. वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका चित्कारल्या. आईने मला पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि मग स्वतःच रडायला लागली. मला वाईट वाटलं. पण मी दावं हातातून सोडलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी धार काढायच्या वेळी गोठ्यात उभी राहायचे. आधी एक सड, मग भांडून दोन. टोणगा भरला. त्याच्या पाठीवर तुकतुकी आली. गल्लीत माझं नाव पडलं 'टोणग्याची आई'. कॉलेजात मुलं मागून हंबरायची. मी वळून म्हणायचे, "आवाज बारीक हाय, दूध कमी पडलं का?" त्यानंतर हंबरणं कमी झालं.

मग माघात एका सोमवारी दुपारी तोच व्यापारी आला. हातात नारळ. दुकानात आप्पांसमोर तो ठेवून म्हणाला, "टोणगा चांगला झालाय म्हणत्यात. न्यायला आलो."

आप्पा काही बोलायच्या आत मी एक कागद गल्ल्याशेजारी ठेवला. मी तो आठ दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता, अशी वेळ येणार हे ठाऊक होतं म्हणून. पन्नास झेरॉक्स दप्तरात होत्या. मथळा होता: 'आमच्या घरातून मरायला गेलेले.' खाली आमच्या गोठ्यात जन्मलेल्या प्रत्येक टोणग्याची नोंद, आईला विचारून विचारून काढलेली: कोणत्या दुष्काळात झाला, कसा होता, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, एक नुसता भुकेने गेला. शेवटी लिहिलं होतं, ही पत्रकं वाटणारं घर आहे, आम्ही दूध पितो आणि विचारत नाही.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. व्यापारी बाकावर टेकला.

"हे कुठं वाटणार?" आप्पांनी विचारलं.

"आज सोमवार. संध्याकाळी महादेवाला दूध वाहायला रांग लागंल. तिथं."

"गावासमोर बापाची अब्रू काढतीस?"

"आप्पा, तुमीच शिकिवलं. जिथं लोक जमत्यात तिथं वाटायचा. मी एकट्याला गाठून लाजवत न्हाई."

त्यांनी कागद पुन्हा उचलला. गिऱ्हाईक आलं, साखर मागून गेलं. मग ते म्हणाले, "तिसरं वाक्य लांब झालंय. दमतो माणूस वाचताना." आणि नारळ उचलून व्यापाऱ्याच्या हातात दिला. "न्हाई द्यायचा. ह्यो घेऊन जा."

"इचार करा आप्पा. मोठा झाल्यावर खायाला लई लागतंय."

"ते आमी बघू."

व्यापारी माझ्याकडे बघून म्हणाला, "खरं लिवलंयस, पोरी." आणि गेला. आमच्या घराला त्याने दोनदा खरं सांगितलं, म्हणून मला त्या माणसाबद्दल राग नाही. टोणगे त्याच्या दारात जन्माला येत नव्हते.

कागद मी तरीही वाटला. त्या सोमवारी नाही, पुढच्या. रांगेतल्या एका बाईने तो चुरगाळून माझ्या अंगावर फेकला. दुसरीने तांब्यातलं दूध झाकून घेतलं, जसं काही मी दृष्ट लावणार होते. मी म्हणाले, देवाला तुम्ही पाणी वाहिलं तर तो रागावणार नाही, आणि तेही जपून वाहा, कारण आपल्याकडे तेही पुरत नाही. हे मी थट्टेने म्हणाले नव्हते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीला टँकर येतो आणि त्याच उन्हाळ्यात शिवारातल्या बोअरचं पाणी जनावरांच्या हिरव्या मक्याला जातं. माणसं हंडे घेऊन रांगेत आणि पाणी मक्यात, का? तर पहाटे दुधाचे कॅन भरायचे असतात. ज्याच्या घरात एका शेळीवर चूल पेटते त्याच्या दारात मी कागद घेऊन जात नाही. माझं भांडण पोट भरलेल्यांशी आहे, आणि ते आमच्या घरापासून सुरू होतं.

सगळं काही जिंकले असं समजू नका. म्हैस आटली, पुन्हा गाभण राहू द्यायची नाही यावर मी अडून बसले, आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून घरात पिशवीचं दूध येऊ लागलं. म्हणजे आमचा टोणगा वाचला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात तो रोज मरतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझं कधी भागतच न्हाई का गं?" नाही भागत. आप्पांनी पत्रकं वाटणं थांबवलं आहे. चहा थांबवलेला नाही, पण दुपारचा एक कप कोरा घेतात, कुणी बघत नसताना.

टोणगा आता चांगला हाल्या, म्हणजे मोठा रेडा, झालाय. कडबा खातो, शेण देतो, ते माझ्या मामांच्या शेतात जातं. दुसरं काही करत नाही. त्याला बघायला येणारे विचारतात, "ह्येचा उपयोग काय?" मी विचारते, तुमचा काय?

गेल्या आठवड्यात पलीकडच्या काकूंची म्हैस व्याली. टोणगा. काकू कुंपणावरून ओरडल्या, "ए, तुझं वसतिगृह चालू हाय म्हणं. आणून बांधू का?"

"न्हाई काकू. तो तुमचा हाय. तुमीच ठेवा, आणि त्याला पिऊ द्या."

"हाँ, म्हणजे पुण्य तुझं अन् खर्च आमचा!"

चार-पाच दिवसांनी, चीक सरल्यावर, पहाटे मी त्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. काकू बादली घेऊन आल्या, मला बघून थबकल्या.

"आगं, हे काय? ऊठ. हॉटेलवाला येईल आता दूध न्यायला."

"येऊ द्या. आधी ह्याला सोडा."

"मग हॉटेलात चहा कशाचा करायचा?"

"कोरा करू द्या."

"अन् उद्या ह्यो मोठा झाल्यावर?"

"म्हणून तर म्हणते, पुढच्या वर्षी म्हैस गाभण राहू देऊ नका."

"येडी हायस तू," त्या म्हणाल्या. पण दावं सोडलं. टोणगा उड्या मारत गेला आणि कासेला डोकं लावून प्यायला लागला, शेपूट हलवत, ओठांवरून फेस सांडत. काकू रिकामी बादली घेऊन उभ्या. बाहेर हॉटेलवाल्याची मोटारसायकल थांबली, कॅन वाजले, हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

मी उठले नाही.